मज्जासंस्थेचा ठाव आणि लोणावळ्याची प्रयोगशाळा

मावळ प्रांत म्हटला म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकापुढे कार्ले-भाजे येथील लेणी, लोहगड-विसापूरचे जोडकिल्ले आणि बारा मावळांतील देशमुखांची घराणी उभी राहतात. शास्त्रीय संशोधनाच्या इतिहासात या भूप्रदेशाचा उल्लेख सहसा होत नाही. वस्तुतः विद्युत्‌शक्तीच्या दोन अगदी भिन्न प्रकारच्या उपयोगांशी लोणावळ्याचे नाव जोडले गेले आहे. पहिला उपयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या जलविद्युत् कंपनीने लोणावळा, वळवण व शिरोता येथे तलाव बांधून सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी अडविले, ते सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडले आणि १९१५ पासून तेथे उत्पन्न होणारी वीज सुमारे एक लक्ष व्होल्टच्या दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे धाडली. दुसरा उपयोग या आकड्याच्या अगदी उलट टोकाचा आहे. मनुष्याच्या मस्तकाच्या त्वचेवर जो विद्युद्दाब मोजता येतो तो व्होल्टच्या दशलक्षांश भागांत सांगावा लागतो. पन्नास मायक्रोव्होल्ट ही त्याची साधारण मात्रा होय. हा सूक्ष्म प्रवाह टिपून मज्जासंस्थेचा ठाव घेण्याचे जे प्रयत्न भारतात आरंभी झाले, त्यांतील एक महत्त्वाचा प्रयत्न लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत १९५७ साली झाला. त्याची पूर्वपीठिका, त्याचे फलित आणि त्याच वर्षी परदेशात सुरू झालेल्या एका निराळ्या उद्योगाशी त्याचे असलेले नाते यांचा विचार येथे करावयाचा आहे.

कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. संस्कृताचे व्यासंगी, बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात तयार झालेले आणि पुढे अमळनेर येथे अध्यापन केलेले हे गृहस्थ नर्मदाकाठी मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदासजींचे शिष्य बनले. गुरूकडून मिळालेल्या क्रिया त्यांनी भक्तिभावाने स्वीकारल्या. परंतु त्या क्रियांचे शरीरावर घडणारे परिणाम मात्र गुरुवचनावर विसंबून सांगण्यास ते राजी नव्हते. श्रद्धा आणि मोजमाप यांची अशी वाटणी करणारे साधक त्या काळी थोडेच होते, आणि आजही ते फार आहेत असे म्हणवत नाही.

त्यांचे पहिले प्रयोग १९२३-२४ च्या सुमारास बडोद्यास झाले. नौली या क्रियेत उदराचे सरळ स्नायू आकुंचित करून पुढे आणले जातात व त्या स्थितीत गुदमार्गाने पाणी वर चढते, ही गोष्ट हठयोग्यांना ठाऊक होतीच. ते पाणी का चढते, हा प्रश्न होता. आतड्याच्या नेहमीच्या गतीला उलट दिशा मिळत असावी असा तर्क करणे सोपे होते. कुवलयानंदांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने आतड्याचे निरीक्षण केले आणि पाऱ्याच्या दाबमापकाने आतील दाब मोजला. तो वातावरणाच्या दाबापेक्षा कमी झालेला आढळला. म्हणजे आतड्यात अंशतः पोकळी निर्माण होते, आणि बाहेरच्या हवेचा दाबच पाण्याला वर ढकलतो. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. ही नामकरणाची तऱ्हा पाश्चात्य शास्त्रज्ञांसारखी असली तरी तिच्यामागील भावना सर्वस्वी एतद्देशीय होती.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना झाली आणि त्याच सुमारास ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्यात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय व लोकोपयोगी असे तीन विभाग मुद्दाम वेगळे ठेवलेले असत. ही विभागणी वरवर पाहता संपादकीय सोयीची वाटेल. तथापि तिच्यात एक शिस्त होती. मोजून सिद्ध झालेली गोष्ट कोणती आणि केवळ सांगण्यासारखी कोणती, हे वाचकाला पान उलटताच कळावे, असा तीत हेतू दिसतो. १९२४ हे साल दुसऱ्याही दोन कारणांसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. हृदयाचा विद्युत्‌लेख काढणारे तंतु-गॅल्व्हानोमीटर सिद्ध करणाऱ्या विलेम आइंटहोव्हेन यांना त्या वर्षीचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूचा पहिला विद्युत्‌लेख त्याच वर्षी मिळविला. बेर्गर यांनी मात्र तो पाच वर्षे स्वतःजवळ ठेवून १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. या तिन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण तेहेतीस वर्षांनी त्या लोणावळ्यात एकत्र यावयाच्या होत्या.

मधल्या काळातील कार्यापैकी प्राणायामविषयक प्रयोगांचा थोडा विस्ताराने विचार केला पाहिजे, कारण संस्थेच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी तेथे लागली. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि तोच त्याचा मुख्य लाभ होय, ही समजूत त्या काळी सर्वत्र रूढ होती. व्यायामाच्या पुस्तकांतून ती येई, व्याख्यानांतून येई, आणि योगाच्या प्रचाराला ती फार सोयीची होती. कुवलयानंदांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या वायूंचे पृथक्करण केले. त्यावरून प्राणायामाच्या आवर्तनांत नेहमीच्या श्वसनापेक्षा अधिक प्राणवायू शोषला जातो किंवा अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो ही समजूत त्यांना टिकविता आली नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे अपेक्षितच होते. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्तातले हीमोग्लोबिन शांत श्वसनातही सुमारे ९७ टक्के प्राणवायूने भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय साधणार? ज्याच्या संस्थेचा लौकिक योगावर अवलंबून होता त्याने योगाच्या बाजूचे एक लोकप्रिय प्रमाण स्वतःच्या नियतकालिकातून काढून घ्यावे, ही गोष्ट लहान नव्हे. प्राणायामाचे महत्त्व मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले पाहिजे, असे प्रतिपादन त्यांनी यानंतर सातत्याने केले.

याच्याशी विसंगत वाटणारा एक निष्कर्ष याच सुमारास पुढे आला. मूळचे त्रावणकोरकडील कोवूर बेहनन हे अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अभ्यासक लोणावळ्यास येऊन कुवलयानंदांपाशी राहिले, प्राणायाम शिकले, आणि नंतर स्वतःच्याच शरीरावर मोजमापे घेऊन त्यांनी १९३७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नोंदींप्रमाणे उज्जायीच्या वेळी प्राणवायूचा खप २४.५ टक्क्यांनी, भस्त्रिकेत १८.५ टक्क्यांनी आणि कपालभातीत १२ टक्क्यांनी वाढला. परंतु खप वाढणे म्हणजे साठा वाढणे नव्हे. स्नायूंना काम पडले म्हणजे प्राणवायू अधिक लागतो. जिना चढणाऱ्याचाही तो वाढतो. बेहनन यांच्या आकड्यांचा उपयोग पुढे प्रचारकांनी ज्या रीतीने केला तो त्या आकड्यांत नव्हता. याहूनही अधिक विचारप्रवर्तक असा त्यांचा दुसरा निष्कर्ष होता. प्राणायामानंतर लगेच बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे यांसारख्या बौद्धिक कामांचा त्यांचा स्वतःचा वेग मंदावलेला आढळला. तो त्यांनी लपविला नाही. आपणच प्रयोगकर्ता आणि आपणच प्रयोगविषय, अशा स्थितीत निघालेला हा निष्कर्ष एका व्यक्तीपुरता आहे हे खरे. पण बेहनन यांनी आपला अनुकूल अनुभव आणि प्रतिकूल मोजमाप दोन्ही शेजारी शेजारी मांडली, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

हृदयाच्या बाबतीत वाद अधिक तीव्र झाला. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृद्रोगतज्ज्ञ बाई विद्युत्-हृल्लेखयंत्र घेऊन भारतात आल्या. एका योग्याने हृदय थांबविण्याचे प्रात्यक्षिक केले असता त्यांच्या आलेखावरील विद्युद्दाब जवळजवळ शून्यापर्यंत उतरलेला दिसला. हा आलेख प्रसिद्ध होताच योगी इच्छेने हृदय बंद करू शकतो, हे यंत्रानेच सिद्ध केले, असा बोलबाला झाला. वीस वर्षेपर्यंत या आलेखाला कोणी समर्थ आव्हान दिले नाही आणि त्याची पुनरावृत्तीही झाली नाही. शास्त्राच्या दृष्टीने अशी अवस्था सर्वांत वाईट, कारण तीत भक्ताला पुरावा मिळतो आणि संशयिताला नुसता संशय उरतो.

हा प्रश्न पुन्हा हाती घेणाऱ्या दोघांपैकी एकाचे पूर्वचरित्र मोठे विलक्षण होते. बसुकुमार बागची हे बंगाली गृहस्थ एके काळी स्वामी धीरानंद या नावाने परमहंस योगानंदांचे सहकारी म्हणून अमेरिकेत गेले होते. पुढे त्यांनी संन्यासाश्रम सोडला, मानसशास्त्रात संशोधन केले आणि मिशिगन विद्यापीठात मेंदूच्या विद्युत्‌लेखनाचे तज्ज्ञ म्हणून ते मान्यता पावले. योगाची भाषा आणि यंत्राची भाषा या दोन्ही त्यांना सारख्याच अवगत होत्या. त्यांचे सहकारी एम. ए. वेंगर हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत स्वायत्त मज्जासंस्थेचा अभ्यास करीत. १९५७ मध्ये हे दोघे आठ मार्गिकांचे वाहून नेता येण्याजोगे लेखनयंत्र घेऊन भारतात हिंडले. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, मद्रास आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम ही त्यांच्या कामाची ठिकाणे होत.

अशा यंत्राने काम करणे म्हणजे काय, हे थोडे समजावून घेतले पाहिजे. मस्तकाच्या त्वचेवर धातूचे विद्युत्-अग्र लेपाने चिकटवावयाचे, छातीवर व हातापायांवर हृदयासाठी वेगळी अग्रे बसवावयाची, श्वसनाची गती, तळहाताच्या त्वचेची विद्युत्‌वाहकता, बोटांचे तापमान यांच्यासाठी आणखी साधने जोडावयाची. प्रत्येकाची तार यंत्रापर्यंत. भिंतीतून जाणाऱ्या घरगुती विजेचे सेकंदाला पन्नास आवर्तनांचे स्पंदनही अग्रांत उतरते आणि आलेख बिघडवते. शंभरपट, हजारपट मोठा असा हा गोंगाट गाळून मेंदूची पन्नास मायक्रोव्होल्टची कुजबुज ऐकावी लागते. डोळ्याची पापणी हलली तरी लेखणी उडते. आणि एवढ्या तारांच्या जंजाळात बसलेल्या साधकाने ध्यानस्थ व्हावे, अशी अपेक्षा! ध्यान लागले की नाही हे यंत्र सांगत नाही. ते साधकाने सांगावयाचे आणि त्या क्षणी कागदावर काय उमटले ते संशोधकाने पाहावयाचे. या पद्धतीतील हा दुबळेपणा आजतागायत पुरता गेलेला नाही.

हृदयाविषयीचे निष्कर्ष बागची व वेंगर यांनी दिल्लीच्या बी. के. आनंद यांच्यासह १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. हृदय किंवा नाडी थांबविण्याचा दावा करणाऱ्या चार व्यक्तींची त्यांत तपासणी होती. तिघांची युक्ती एकच निघाली. श्वास कोंडून, कंठद्वार मिटून छातीचे व पोटाचे स्नायू घट्ट आवळले की छातीतील दाब वाढतो, शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, मनगटावरची नाडी लागेनाशी होते आणि स्टेथॉस्कोपला ठोकेही ऐकू येत नाहीत. पाश्चात्य वैद्यकाला ही क्रिया व्हालसाल्वा यांच्या नावाने अठराव्या शतकापासून ठाऊक आहे. परंतु विद्युत्-हृल्लेख चालूच राहिला. हृदय एकदाही थांबले नव्हते. छातीचा आकार व पडद्याची जागा बदलली की हृदय थोडे वळते आणि एखाद्या विशिष्ट मार्गिकेतील लेख लहान होतो, हेही त्यांना दाखविता आले. ब्रॉस बाईंच्या आलेखाचे गूढ अशा रीतीने बव्हंशी उकलले. चौथ्या व्यक्तीचे मात्र हृदय खरोखरच मंदावले होते. त्यात व्हेगस या मज्जातंतूचा वाटा असावा, पण तोही स्नायूंच्या मध्यस्थीने, असे त्यांचे मत पडले. इच्छेची थेट आज्ञा हृदयाला पोचते असे त्यांना आढळले नाही. याउलट हिमालयात थंडीत राहताना उष्णतेची कल्पना करून इच्छेनुसार कपाळावर घाम आणण्यास शिकलेला एक योगी त्यांना भेटला, आणि ते प्रात्यक्षिक त्यांनी मान्य केले. जे मोडले ते मोडले म्हणून आणि जे टिकले ते टिकले म्हणून नोंदविले, हे या अहवालाचे बलस्थान होय.

मेंदूच्या लेखांविषयी असा निर्णय लागला नाही. दास व गास्तो यांनी कलकत्त्याच्या योग्यांवर केलेल्या व १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात गाढ ध्यानाच्या वेळी शीघ्र लहरी दिसल्या. बागची व वेंगर यांना तशा दिसल्या नाहीत. निद्रा वा ग्लानी नसताना स्वायत्त मज्जासंस्थेची खोल विश्रांती, असे वर्णन त्यांनी केले. आनंद, छिना व सिंग यांच्या १९६१ च्या निबंधात ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूत सेकंदाला आठ ते तेरा आवर्तनांच्या आल्फा लहरी अखंड राहिल्या. तीव्र प्रकाश, मोठा आवाज किंवा तप्त काचनळीचा स्पर्श यांनीही त्या खंडित झाल्या नाहीत. दोन योगी तर ४ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक काळ हात बुडवून बसले आणि तरीही आल्फा लहरी टिकून होत्या. तीन संशोधकगटांची ही तीन उत्तरे. ‘ध्यान’ हा शब्द एक असला तरी त्याखाली मोडणाऱ्या साधना एक नाहीत, ही गोष्ट संस्कृत ग्रंथांचा अभ्यासक सहज सांगू शकला असता. प्रयोगांची आखणी करताना त्याला विचारले गेले नाही एवढेच. कैवल्यधामात संस्कृतज्ञ व शरीरशास्त्रज्ञ एकाच आवारात होते, आणि म्हणून ही उणीव तेथे तरी भरून निघावयास हवी होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

यानंतरच्या वर्षांत संस्थेचे संशोधक विनेकर, करंबेळकर व भोळे यांनी भूगर्भसमाधीच्या प्रश्नाकडे लक्ष वळविले आणि हवाबंद खड्ड्यात बसलेल्या व्यक्तीच्या श्वसनाचे मोजमाप करून १९६८ पर्यंत आपले निष्कर्ष मांडले. स्वामी कुवलयानंद ते पाहावयास नव्हते. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता त्या दुसऱ्या उद्योगाकडे वळावयाचे. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी, म्हणजे बागची-वेंगर यांच्या भारतयात्रेच्याच वर्षी, पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो व शार्ल एरिएस यांनी एका ठार बहिऱ्या रुग्णाच्या कानामागे तारेचे एक छोटे वेटोळे बसविले आणि त्याचे टोक श्रवणाच्या मज्जातंतूपाशी नेले. बाहेर दुसरे वेटोळे धरून त्यातून प्रवाह सोडला की विद्युत्-प्रवर्तनाने त्वचेखालच्या वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होई. कोठेही त्वचा भेदणारी तार नव्हती. रुग्णाला रातकिड्यांसारखे आवाज ऐकू आले. शब्द ओळखू आले नाहीत असे म्हणण्याइतकेच यश, आणि उपकरणही काही आठवड्यांत निकामी झाले. परंतु मज्जातंतूला तारेवाचून शक्ती पुरविता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोम येथे एल्मक्विस्ट व सेनिंग यांनी शरीरात बसविलेल्या पहिल्या हृद्‌गतिकारकातील विद्युत्‌घट याच रीतीने बाहेरून भरण्याजोगे केले होते.

या तत्त्वात नवे असे काही नव्हते; फॅरडे यांनी प्रवर्तन १८३१ मध्ये शोधले आणि खोपोलीच्या वीजगृहातील रोहित्रे त्यावरच चालत. अडचण निराळीच होती. त्वचेतून आरपार जाणारी तार म्हणजे जंतूंना कायमचा खुला दरवाजा. ती टाळावी तर दोन वेटोळी जवळ आणि समोरासमोर राहिली पाहिजेत. अंतर थोडे वाढले तरी पोचणारी शक्ती झपाट्याने घटते, आणि ती भरून काढण्यासाठी प्रवाह वाढवावा तर मधल्या ऊतीच तापतात. मज्जातंतूशी जोडलेल्या उपकरणांच्या अभियंत्यांचा सारा जीव आजही याच तीन अटींच्या मध्ये अडकलेला असतो. बहिऱ्यांसाठी बसविण्यात येणारे अंतःकर्ण-रोपण कानामागे चुंबकाने चिकटणाऱ्या वेटोळ्यातूनच शक्ती व संदेश घेते, हे पॅरिसच्या प्रयोगाचे थेट अपत्य होय.

लोणावळ्याचे संशोधन मज्जासंस्थेला ऐकत होते; पॅरिसचे तिच्याशी बोलू लागले. ऐकलेले त्याच व्यक्तीला परत ऐकविण्याची तिसरी वाट साठीच्या दशकात अमेरिकेत निघाली. जो कामिया यांनी प्रयोगविषयांना त्यांच्याच आल्फा लहरी ध्वनिरूपाने ऐकवून त्या ओळखावयास व वाढवावयास शिकविले. १९७० मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका येथे मेनिंगर संस्थेत स्वामी राम यांनी हृदय थांबविण्याचे प्रात्यक्षिक केले, तेव्हा हृदय थांबण्याऐवजी त्याच्या अलिंदांची फडफड मिनिटाला सुमारे तीनशेच्या गतीने सतरा सेकंद चालल्याचे आलेखावर उमटले. नाडी हाताला लागत नव्हती, आणि हृदय उभेही राहिलेले नव्हते. ब्रॉस बाईंच्या आलेखाला आव्हान देताना बागची, वेंगर व आनंद यांनी जो भेद १९६१ मध्ये स्पष्ट केला होता, तोच भेद येथे पुन्हा, निराळ्या यंत्रणेने, दिसून आला.

कैवल्यधामचा संशोधनविभाग लोणावळ्यास आजही चालू आहे आणि ‘योगमीमांसा’ही, मधूनमधून खंड पडूनसुद्धा, निघत आहे. मेंदूचा लेख घेणारी अग्रे आता तारेवाचूनही आपली नोंद पाठवू शकतात, त्यामुळे साधकाभोवतीचे जंजाळ पुष्कळच कमी झाले आहे. ध्यान लागले की नाही, हे मात्र अजूनही त्यालाच विचारावे लागते.